कोल्हापूरच्या उद्यमनगरात बांधून घेतलेले फियाट अकराशेचे इंजिन : एका वर्कशॉपचे परीक्षण

जुन्या मोटारीचे इंजिन ज्या कारागिराच्या हवाली करायचे, त्याने पहिल्या भेटीत हातात कोणते हत्यार घेतले यावरून पुढच्या कामाचा बराच अंदाज येतो. बहुतेक ठिकाणी पाना आधी हातात येतो आणि मायक्रोमीटर शेवटी, तोही मागितला तर. ज्या वर्कशॉपविषयी मी येथे लिहीत आहे तिथे हा क्रम उलटा होता, आणि माझ्या फियाटचे इंजिन आज ज्या अवस्थेत आहे त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते. हे वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. त्याचे मालक-मेस्त्री ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिनांच्या कामावर उदरनिर्वाह करतात, जुन्या मोटारीचे एका वेळी एकच इंजिन हाती घेतात, आणि गर्दी वाढली तर कामाचा दर्जा राखता येणार नाही म्हणून नाव छापू नये अशी त्यांची स्पष्ट विनंती आहे. ती मी पाळतो. मात्र त्यांच्या कामाची पद्धत इतकी तपशीलवार सांगतो की, ज्यांना आपल्या गावातील एखाद्या वर्कशॉपची पारख करायची आहे त्यांना हाच लेख मोजपट्टी म्हणून वापरता यावा.

गाडी १९६८ सालची फियाट ११०० डी, म्हणजे आपल्याकडे ‘डिलाइट’ म्हणून ओळखली जाणारी. तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला मुंबई-पुण्यात लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि तिच्याच पुढच्या पिढीला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. या सर्व गाड्यांच्या पोटात मुळात एकाच घराण्याचे इंजिन आहे. दान्ते जाकोझा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आणि १९३७ साली बाजारात आलेल्या फियाट ५०८ सी या गाडीत ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली होण्याच्या अंतराचे), १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, वर व्हॉल्व्ह असलेले चार सिलिंडरचे इंजिन होते. हीच मापे पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. महायुद्धानंतर इटलीत सिसितालिया कंपनीने आपली डी ४६ ही छोटी रेसिंग कार याच घराण्यातील इंजिनावर बेतली होती, हे पाहिले की त्या मूळ आखणीत किती दम होता याची कल्पना येते. सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर झाकणासारखे ॲल्युमिनियमचे हेड, पिस्टनांची हालचाल चक्राकार करणारा आणि तीन मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँक, ब्लॉकच्या बाजूला बसलेला, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि त्याला फिरवणारी टायमिंग चेन, अशी ही साधी, समजायला सोपी रचना आहे. पण साधेपणामुळेच ज्याच्या त्याच्या हाती हे इंजिन खोलले गेले, आणि आज ज्या इंजिनांची अवस्था वाईट आहे त्यांतील बरीचशी वापराने झिजण्याऐवजी दुरुस्तीने खराब झालेली आहेत, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या गाडीची लक्षणे ओळखीची होती. ती ऑइल खात होती, चढावर ओढ देत नव्हती, आणि इंजिन तापले की मंद चालीवर ऑइलचा दिवा मिणमिणू लागे. धूर निळा होता, पण सर्व वेळ सारखा नव्हता. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून बराच वेळ गेल्यावर पुन्हा दाबला की मागे मोठा लोट येई. हे लक्षण अनुभवी माणसाला व्हॉल्व्ह गाइडकडे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्याकडे, बोट दाखवते, कारण थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून ऑइल आत ओढले जाते. उलट, जोर लावताना सतत येणारा निळा धूर हा रिंगा आणि बोअरचा असतो. माझ्या गाडीत दोन्ही होते. येथे येण्यापूर्वी मी ज्या दोन ठिकाणी गाडी दाखवली, तिथे इंजिनाचा आवाज ऐकून आणि सायलेन्सरला हात लावून निर्णय देण्यात आला: पुढच्या साइजला बोअर करा, क्रँक ग्राइंड करा, पिस्टन-रिंग-बेअरिंगचा संच टाका, गाडी नवीन होईल. इंजिन उघडण्यापूर्वीच किती कापायचे हे ठरले होते, आणि म्हणूनच मी दोन्ही ठिकाणांहून परत आलो.

उद्यमनगरातील मेस्त्रींनी गाडी पाहिली, इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवले आणि “आधी मापं घेऊ, मग बोलू” एवढेच म्हणाले. इंजिन गाडीत असतानाच त्यांनी कॉम्प्रेशन तपासले. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे वाचन घेतले, मग प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतले. ऑइल टाकल्यावर आकडा वर गेला तर गळती रिंगांतून होते, आणि आकडा हलला नाही तर व्हॉल्व्हमधून, हा या चाचणीचा साधा अर्थ. पहिल्या तीन सिलिंडरांत आकडे थोडे वाढले, चौथ्यात बरेच वाढले. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि चौथा त्याच्या बराच बाहेर होता. ही सगळी माहिती एका वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिली गेली. ते पान शेवटपर्यंत इंजिनासोबत राहिले आणि काम संपल्यावर त्याची प्रत मला मिळाली. माझ्या दृष्टीने बिलापेक्षा त्या पानाची किंमत अधिक आहे.

इंजिन खोलतानाची शिस्त विशेष सांगण्यासारखी आहे. पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) लाकडी फळीतील भोकांत क्रमाने उभे केले गेले, टॅपेट (पुशरॉडखाली कॅमवर टेकणारे तुकडे) ज्या त्या जागेच्या क्रमाने डब्यांत गेले, बेअरिंगच्या कॅपवर कोणत्या बाजूला कोणती खूण आहे हे काढण्यापूर्वी तपासले गेले. कॅमच्या प्रत्येक लोबची (उंचवट्याची) आणि त्याच्या टॅपेटची झीज एकमेकांशी जुळलेली असते. तेच टॅपेट दुसऱ्या लोबवर गेले की थोड्याच किलोमीटरांत दोघांची वाट लागते. घाईच्या गॅरेजमध्ये हे सर्व एका घमेल्यात रॉकेलमध्ये पडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर बोअर गेज आले. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक पातळीवर क्रँकच्या रेषेत व तिला काटकोनात, अशी सहा मापे घेतली गेली. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या रिंगेच्या परतीच्या जागी, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि ज्वलनाचा दाब रिंगेला भिंतीवर सर्वांत जोराने दाबतो. आणि कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूची झीज अधिक असते, म्हणून बोअर वर रुंद, खाली निमुळता आणि आडवा लंबगोल होतो. माझा ब्लॉक पूर्वी एकदा वीस थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर वाढीव बोअर केलेला निघाला. त्या मापावर पहिल्या तीन सिलिंडरांची झीज पाच शतांश मिलिमीटरच्या आत होती, जी नव्या रिंगा सहज सांभाळू शकतात. चौथ्या सिलिंडरमध्ये मात्र भिंतीवर गंजाची आडवी रेघ खोल गेली होती. गाडी काही वर्षे उभी होती आणि त्या काळात त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहून दमट हवा आत जात राहिली असावी, असा मेस्त्रींचा निष्कर्ष होता, आणि ती रेघ नेमकी जिथे रिंगा टेकून होत्या तिथे असल्यामुळे मला तो पटला.

येथे या वर्कशॉपने जो निर्णय घेतला, त्यासाठी मी त्यांना सर्वाधिक गुण देतो. एका सिलिंडरच्या गंजापायी चारही सिलिंडर चाळीस थाऊला नेण्याची गरज नाही, असे मेस्त्रींनी सांगितले. चौथ्या बोअरमध्ये कोरडी स्लीव्ह, म्हणजे पाण्याला न लागणारी लोखंडी नळी, बसवून ती वीस थाऊच्याच मापाला आणायची, आणि बाकीच्या तिघांवर होनिंगने (बारीक दगडांनी घासून) फक्त चकाकी उतरवून जाळीदार रेषा उमटवायच्या. त्यामुळे चारही पिस्टन एकाच मापाचे राहतात, आणि तीन सिलिंडरांतले लोखंड पुढच्या दुरुस्तीसाठी शिल्लक राहते. चारही बोअर कापण्याचे काम त्यांना मजुरीच्या दृष्टीने अधिक फायद्याचे होते, तरी त्यांनी ते नाकारले. साठ वर्षांकडे झुकलेल्या ज्या ब्लॉकचा जोड आता बाजारात मिळत नाही, त्याच्या भिंतीची जाडी ही त्याच्या मालकाची खरी पुंजी आहे.

स्लीव्ह बसवण्याचे काम मी तिथे उभे राहून पाहिले. आधी जुना बोअर स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन-तीन थाऊ लहान राहील इतकाच मोठा केला आणि खाली स्लीव्ह टेकायला छोटी पायरी ठेवली. पकड याहून ढिली असेल तर स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहून उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि फार घट्ट असेल तर जुन्या ब्लॉकला चीर जाण्याचा किंवा शेजारचा बोअर दबण्याचा धोका असतो. स्लीव्ह प्रेसवर सरळ उतरवली, वरचे तोंड ब्लॉकच्या पातळीला घासून घेतले आणि मगच ती आतून पिस्टनच्या मापाला बोअर केली. त्यानंतर शेजारच्या तिसऱ्या सिलिंडरचे माप पुन्हा घेतले गेले. स्लीव्हच्या दाबाने तो दबला तर नाही ना, हे पाहण्याची कल्पना मला स्वतःला सुचली नसती. अखेरचे होनिंग करताना जाळीच्या रेषा एकमेकींना साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांत छेदतील असा हात ठेवला गेला. याच बारीक रेषांत ऑइल टिकते आणि रिंगा बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर डोळ्यांना चांगला दिसतो, पण त्यात रिंगा बसत नाहीत आणि गाडी नव्या इंजिनानिशी ऑइल खात राहते.

क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, पॉलिशवर निभावले. कनेक्टिंग रॉडच्या जर्नलांपैकी एक लंबगोल झालेला होता, त्यामुळे मूळ मापापेक्षा दहा थाऊ लहान असलेले चारही जर्नल वीस थाऊ लहान करावे लागले, कारण बेअरिंगचा संच एकाच मापाचा येतो. येथे ग्राइंडिंगपेक्षाही कौशल्याची गोष्ट म्हणजे जर्नल जिथे वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या भिंतीला, मिळतो तिथली गोलाई. ग्राइंडिंगच्या चाकाचा कोपरा धारदार असेल तर ती गोलाई नाहीशी होऊन चौकोनी कोपरा तयार होतो, ताण तिथे एकवटतो, आणि तीनच मेन बेअरिंगवर वाकत फिरणारा हा क्रँक काही काळाने तिथूनच तुटतो. वर्कशॉपने चाकाची कड आधी घासून गोलाईत आणून घेतली, आणि काम झाल्यावर क्रँकची मॅग्नाफ्लक्स तपासणी (चुंबकाच्या मदतीने तडे शोधण्याची चाचणी) बाहेरून करून आणली. तपासणी बाहेरची असली तरी तिचा आग्रह त्यांचा होता.

कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत एक जुने पाप उघडकीस आले. पूर्वी कधीतरी कोण्या गॅरेजमध्ये बेअरिंगचा ठोका बंद करण्यासाठी एका रॉडची कॅप कानशीने घासलेली होती. पातळ कवचाच्या बेअरिंगला ते ज्यात बसते त्या घराच्या गोलाईची गरज असते. कवचाच्या दोन्ही कडा घराच्या तोंडापेक्षा केसभर वर असतात, आणि कॅप आवळली की ते कवच घरात घट्ट दाबले जाऊन जागेवर राहते व उष्णता बाहेर देते. कॅप घासली की घर लंबगोल होते, कवच एका दिशेला आवळते आणि दुसऱ्या दिशेला सैल पडते, म्हणजे ठोका थोडे दिवस थांबतो आणि बेअरिंग कायमचे जाते. मेस्त्रींनी बेअरिंग न घालता, कॅप पूर्ण आवळून, रॉडचे रिकामे घर मोजले म्हणून हे कळले. चारही रॉडची तोंडे नाममात्र घासून घरे पुन्हा गोल बोअर केली, रॉड सरळ आहेत का हे पाहिले, आणि पिस्टनसह चारही जोड्या तराजूवर तोलून वजने जुळवली. नवे पिस्टन टाकताना हे तोलण्याचे काम अनेक ठिकाणी वगळले जाते, आणि मग गाडी एका ठराविक वेगाला का थरथरते याचा शोध माउंटिंगमध्ये घेतला जातो.

हेडचे काम मला समाधानकारक वाटले, उत्कृष्ट नाही. वर्षानुवर्षे साध्या विहिरीच्या पाण्यावर चाललेल्या गाडीच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये पाण्याच्या वाटांभोवती खड्डे पडतात, तसे येथेही होते. ते आरगॉन वेल्डिंगने भरून हेड घासायचे, की खड्डे जाईपर्यंत नुसते घासायचे, हा प्रश्न होता. पहिला मार्ग निवडला गेला हे योग्यच झाले, कारण जास्त घासले की ज्वलनकक्ष लहान होऊन कॉम्प्रेशन वाढते आणि रॉकर-पुशरॉडची भूमितीही बदलते. पण वेल्डिंग बाहेरच्या कारागिराकडे गेले आणि एके ठिकाणी भरण सच्छिद्र निघाले, ते दाबाने पाणी सोडून तपासताना लक्षात आले आणि पुन्हा भरावे लागले. तपासणी झाली म्हणून ते पकडले गेले, ही जमेची बाजू. नवे गाइड बसले, व्हॉल्व्हच्या सिटा तीन कोनांत कापल्या गेल्या, आणि एक्झॉस्टच्या सिटा कठीण मिश्रधातूच्या घातल्या. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वी पेट्रोलमधील शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सिट यांच्यामध्ये गादीचे काम करत असे. तो गेल्यावर मऊ सिटा हळूहळू खचतात आणि टॅपेटचे अंतर वारंवार कमी होत जाते. ज्यांच्या जुन्या गाडीचे टॅपेट सेट केल्यावरही लवकर आवळतात, त्यांनी हे कारण आधी तपासावे.

सफाईच्या बाबतीत मात्र मी या वर्कशॉपला पूर्ण गुण देऊ शकत नाही. ब्लॉकच्या बाजूच्या वेल्च प्लग (भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढून पाण्याच्या जॅकेटमधला गाळ त्यांनी आपणहून साफ केला, आणि चौथ्या सिलिंडरच्या मागे तो विटेसारखा घट्ट साचलेला निघाला. परंतु ऑइलच्या वाटा केवळ डिझेल आणि हवेच्या झोताने साफ करून इंजिन बांधायला घेण्याचा त्यांचा बेत होता. होनिंग आणि ग्राइंडिंगची भुकटी ही अतिसूक्ष्म वाळूच असते. ती क्रँकच्या आतल्या तिरप्या वाटांत आणि ब्लॉकच्या मुख्य नलिकेच्या टोकांना राहते, आणि पहिल्याच तासात नव्या बेअरिंगमध्ये उतरते. मी आग्रह धरल्यावर वाटांचे बंद प्लग काढले गेले, लांब ब्रश आणि साबणाच्या गरम पाण्याने वाटा आणि बोअर धुतले गेले, आणि पांढरे फडके बोअरमधून स्वच्छ बाहेर येईपर्यंत ते चालले. या कामाला कोणीही नकार दिला नाही, पण ते ग्राहकाने सांगावे लागू नये. इतक्या काटेकोर मापांच्या वर्कशॉपमध्ये ही एक गोष्ट सवयीवर सोडलेली आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सुट्या भागांची स्थिती आता कठीण होत चालली आहे. या इंजिनाच्या भागांचा पुरवठा इतकी वर्षे टिकला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आर.टी.ओ.मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, आणि ज्या गिऱ्हाइकावर हा व्यापार उभा होता ते गिऱ्हाईकच संपले. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील दुकानांत आणि कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात अजून पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग मिळतात, पण हवे ते माप मिळेलच असे नाही, आणि खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून मेस्त्रींचा एक नियम मला फार आवडला: पिस्टन हातात येऊन मोजले जाईपर्यंत बोअरला अंतिम माप द्यायचे नाही. प्रत्येक पिस्टनच्या स्कर्टचे (खालच्या भागाचे) माप घेतले गेले, आणि नव्या स्लीव्हला शोभेल असा पिस्टन निवडून तो बोअर त्याच्याच जोडीने संपवला गेला. आणलेल्या रिंगांच्या संचांपैकी एक त्यांनी बाजूला काढला, कारण बोअरमध्ये सरळ बसवल्यावर रिंगेच्या तोंडाशी फट फारच मोठी राहत होती. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ हा ठोकताळा धरला तर या इंजिनात ती फट साधारण ०.२० ते ०.२७ मिलिमीटर यावी. बाजारातून आलेली रिंग न मोजता पिस्टनवर चढवणारे गॅरेज जुन्या इंजिनासाठी निवडू नये.

बांधणी सावकाश आणि शांतपणे झाली. बेअरिंगचे अंतर प्लास्टिगेजची मेणासारखी तार दाबून तपासले गेले. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ हा सर्वसाधारण हिशोब आहे आणि चारही ठिकाणी वाचने त्याच्या जवळ आली. कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या तळावर जाड लेप लावला गेला, नवी टायमिंग चेन खुणा जुळवून बसवली गेली, आणि डिस्ट्रिब्युटर बसवण्यापूर्वी ऑइल पंप बाहेरून फिरवून रॉकरपर्यंत ऑइल आलेले पाहिले गेले. इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर मंद चालीवर न ठेवता सुमारे वीस मिनिटे पंधराशे ते दोन हजार फेऱ्यांवर ठेवले, कारण सपाट टॅपेटच्या कॅमला ऑइल मिळते ते क्रँकने उडवलेल्या तुषारांतून, आणि मंद चालीवर ते पुरेसे उडत नाही. ऑइल त्यांनी साध्या खनिज जातीचे २०डब्ल्यू-४० वापरले. रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक ऑइल घालू नये आणि पुढेही या टॅपेटसाठी जस्तयुक्त मिश्रण पुरेसे असलेलेच ऑइल घ्यावे, अशी सूचना दिली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेड पुन्हा टॉर्क पान्याने आवळले गेले. ॲल्युमिनियम हेड गरम असताना आवळू नये, ही बाब त्यांनी तिथल्या शिकाऊ मुलालाही नीट समजावून सांगितली, आणि ते पाहून मला फार समाधान वाटले.

परिणामाविषयी बोलायचे तर रनिंग-इनचे (नवे बांधलेले इंजिन सुरुवातीला जपून चालवण्याचे) अंतर संपवून, ऑइल बदलून, गाडी आता पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते, उतरताना मागे धूर सोडत नाही, आणि तापलेल्या इंजिनाला मंद चालीवरही ऑइलचा दिवा विझलेला राहतो. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल भरावे लागलेले नाही. पुन्हा घेतलेल्या कॉम्प्रेशनच्या आकड्यांत चारही सिलिंडर जवळपास एका ओळीत आहेत. टायमिंग चेनच्या झाकणापाशी ऑइलचा किंचित ओलावा येतो. तो गास्केटचा आहे, आणि पुढच्या भेटीत बदलून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

उणिवाही स्पष्ट लिहितो. सांगितलेल्या मुदतीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरचे आणि गुऱ्हाळाच्या इंजिनाचे काम पुढे येते, हे समजण्यासारखे आहे, पण ते सुरुवातीलाच सांगायला हवे. खर्चाचा लेखी अंदाज दिला जात नाही. अखेरचा खर्च सर्व मिळून ६०,००० रुपयांच्या घरात गेला, त्यात निम्म्याहून अधिक वाटा सुट्या भागांचा आणि बाहेरच्या कामांचा होता. दर रास्त आहेत, मात्र टप्प्याटप्प्याने पैसे मागितले जातात आणि त्याची पावती मागून घ्यावी लागते. कार्बुरेटर, डायनॅमो आणि रेडिएटर यांचे काम तिथे होत नाही, आणि हे भाग तुमचे तुम्ही नीट करून आणल्याशिवाय इंजिन सुरू करायला मेस्त्री तयार नसतात. सुरुवातीला मला ही अट जाचक वाटली, पण गाळाने अर्धा बंद झालेला रेडिएटर जोडून नवे इंजिन तापवण्यापेक्षा ती पाळणे केव्हाही चांगले. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेले असल्यामुळे जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा याच वेळी बदलावा. मी दोन्ही बदलले.

कागदपत्रांच्या दृष्टीने एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या किंवा दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक टाकलेल्या फियाट आजही फिरताना दिसतात, आणि त्यांच्या मालकांना ही वाट बंद झाल्यासारखीच आहे. या वर्कशॉपने मूळ ब्लॉक वाचवला आणि त्यावरचा ठोकलेला इंजिन क्रमांक घासकामापासून व रंगापासून काळजीपूर्वक जपला. काम सुरू होण्यापूर्वी त्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवण्याची सूचनाही त्यांचीच.

ज्यांना दोन आठवड्यांत लग्नाच्या वरातीसाठी गाडी हवी आहे, त्यांच्यासाठी हे ठिकाण नाही. ज्यांच्या गाडीचा ब्लॉक मूळचा आहे, जे मापांच्या पानावर बसून चर्चा करायला तयार आहेत आणि ज्यांना पावसाळ्याचे महिने गाडीवाचून काढता येतील, त्यांनी उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या क्रँकचे काम करणाऱ्यांकडे चौकशी करावी. पाऊस सुरू झाल्यावर उसाच्या हंगामाची गर्दी नसते आणि काम वेळेत होते. जाताना इंजिन आपण स्वतः खोलून नेऊ नये, जोडलेले आणि शक्यतो चालू अवस्थेत न्यावे, कारण त्यांची पहिली मापे चालत्या इंजिनावरच घेतली जातात.